खाजणातला चिखल, पराग आणि सूक्ष्मजीवाश्म : प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२४ – प्रश्न आणि जागा

जागा दक्षिण कोकणातल्या खाडीकाठची. बांध फुटल्यामुळे ओसाड पडलेलं खाजण, म्हणजे बांध घालून खाडीकडून मिळवलेली जमीन. बांधाबाहेर तिवर, कांदळ आणि थोडी चिपी ही खारफुटीची झाडं. आत लव्हाळा, खारं गवत, कडेकडेने मारांडी. मागे भातखाचरं आणि त्यामागे जांभ्याचा सडा.

प्रश्न दोन. बांध घालण्याआधी इथे कांदळवन होतं की नुसती उघडी चिखलपट्टी? आणि बांध घातल्यावर खारं पाणी हळूहळू हटलं की एकदम?

उत्तर एकट्या परागांवर सोडायचं नाही. पराग आजूबाजूच्या झाडोऱ्याबद्दल सांगतात, पण ते वाऱ्याने आणि भरतीच्या पाण्यानेही येतात. डायटम, म्हणजे सिलिकाच्या कवचाची सूक्ष्म शैवालं, पाण्याचा खारेपणा सांगतात. फोरामिनिफेरा, म्हणजे कवच बांधणारे एकपेशी जीव, भरतीच्या पातळीबद्दल बोलतात. फायटोलिथ, म्हणजे गवताच्या पेशींत साठलेली सिलिका, बहुतांशी गवत कुजलं तिथेच पडून राहते. भाताचा माग त्यांच्यातच काढायचा. चौघांनाही एकाच खोलीवरचे तुकडे मिळाले पाहिजेत, म्हणून कोअर, म्हणजे चिखलातून उभा काढलेला लांब नमुना, कापण्याचा आराखडा आधीच ठरवला.

कांदळवन संरक्षित असल्याने वनविभागाच्या कांदळवन कक्षाची आणि जमीनमालकाची लेखी परवानगी लागते. परवानगीत भोकांची संख्या, व्यास आणि खोली स्पष्ट लिहून घ्यावी.

१७ फेब्रुवारी – कोअर काढणं

माघ शुद्ध अष्टमी, भांगाचे दिवस, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो ते. कांदळवनाच्या चिखलात काम करायला उधाणापेक्षा भांग बरा. उधाणाची सुकती खूप खाली जाते हे खरं, पण आमच्या किनाऱ्यावर ती सकाळी लवकर आणि संध्याकाळी येते, आणि दुपारच्या भरतीला झाडांच्या बुंध्यापर्यंत पाणी चढतं. भांगात दुपारच्या सुमारास ओहोटी असते आणि भरतीचं पाणी वरच्या चिखलापर्यंत बहुधा पोचतच नाही. त्यामुळे सलग काम होतं.

साधन : रशियन कोअरर, ५० सेंमीचा कप्पा, ५ सेंमी व्यास, १ मीटरचे जोडदांडे. हा कोअरर बंद अवस्थेत खाली दाबायचा आणि हव्या खोलीवर १८० अंश फिरवायचा. पातं स्थिर राहतं, अर्धगोल कप्पा चिखल कापून घेतो आणि बंद होतो. वरचा चिखल आत जात नाही आणि नमुना दाबलाही जात नाही. नळी ठोकून काढलेल्या कोअरमध्ये मऊ चिखल दबून आखूड होतो, मग खोलीचा हिशेब चुकतो.

भोकं दोन, एकमेकांपासून ७० सेंमीवर. अ भोकातून ०–५०, ८०–१३०, १६०–२१०. ब भोकातून ४०–९०, १२०–१७०, आणि याच क्रमाने पुढे. प्रत्येक तुकडा शेजारच्यावर १० सेंमी चढतो. कारण कोअररचं टोक कप्प्याच्या खालचा १०–१५ सेंमी चिखल विस्कटतं; त्याच भोकात लगेच खालचा तुकडा घेतला तर त्याचा माथा खराब निघतो.

सव्वातीन मीटरच्या पुढे जांभ्याचे खडे लागले आणि दांडा फिरेना. तिथे जोर करू नये. पात्याची धार गेली की पुढचा प्रत्येक तुकडा फाटून येतो.

तुकडे उभ्या चिरलेल्या पीव्हीसी पाइपात ठेवले. क्लिंग फिल्म, वर अॅल्युमिनियम फॉइल, त्यावर भोक, खोली आणि वरच्या टोकाचा बाण. बाण पाइपावरही हवा, कारण फॉइल निघतं.

१८ फेब्रुवारी – आजच्या चिखलाचे नमुने

घाईत हेच काम वगळलं जातं आणि पुढे सगळा अर्थ इथेच अडतो. आज ज्या जागी कोणती झाडं उभी आहेत हे डोळ्यांना दिसतं, त्या जागेच्या चिखलात कोणते पराग पडतात हे कळलं, तरच जुना चिखल वाचता येतो.

खाडीच्या पाण्यापासून सड्याच्या पायथ्यापर्यंत काटकोनात दोर टाकला. दर १० मीटरवर १ चौरस मीटर जागेतून पाच ठिकाणचा वरचा १ सेंमी चिखल चमच्याने घेऊन एकत्र केला. त्या जागेभोवती २० मीटरमध्ये दिसणारी झाडं, त्यांचा अंदाजे विस्तार आणि कोणती फुलात आहेत, याची नोंद केली. प्रत्येक ठिकाणची उंची ऑटो लेव्हलने मोजली, कारण फोरामिनिफेराच्या जाती उंचीनुसार बदलतात.

सड्यावर चिखल नसतो. तिथे कातळावरच्या शेवाळाच्या गाद्या घेतल्या. शेवाळात दोन-चार वर्षांचे पराग अडकलेले असतात, त्यामुळे एकाच हंगामाच्या फुलोऱ्याने आकडे कलंडत नाहीत.

फोरामिनिफेरासाठी वेगळ्या डब्या, त्यात लगेच अल्कोहोल आणि रोझ बेंगाल. नमुना घेताना जिवंत असलेले जीव गुलाबी होतात आणि नुसती कवचं वेगळी ओळखता येतात.

२६ फेब्रुवारी – कोअर उघडला

ताजा कापलेला पृष्ठभाग लगेच पाहायचा, कारण हवेशी संपर्क आला की रंग तासाभरात बदलतो. काचेच्या पट्टीने आडवं खरवडायचं. उभं खरवडलं तर वरचा चिखल खाली फासला जातो.

वरचे १५ सेंमी नांगरलेला, एकजीव थर. इथून बारीक काळक्रम मिळणार नाही. त्याखाली करडा चिखल, गंजाच्या रेघा, गवताची मुळं. साधारण १.१ मीटरच्या आसपास रंग गडद होतो, सल्फरचा वास येतो, लाकडाचे तंतू आणि पानांचे तुकडे दिसतात. तळाला वाळू आणि जांभ्याची कच.

गडद थरात फिक्या रंगाच्या आडव्या-तिरप्या नळ्या आहेत. ती खेकड्यांची बिळं, वरच्या नव्या चिखलाने भरलेली. कांदळवनातले खेकडे खोलवर बिळं करतात. अशा नळीतून नमुना घेतला तर जुन्या थरात नवे पराग सापडतात आणि त्यावर भलताच निष्कर्ष उभा राहतो. नळ्यांच्या जागा रेखाटनावर तांबड्या पेन्सिलीने वगळल्या.

नमुने दर ४ सेंमीवर, रंग बदलतो त्या पट्ट्यात दर २ सेंमीवर. तिथेच शेजारून सेंद्रिय अंशासाठी २ ग्रॅम : १०५ °से.ला रात्रभर वाळवून वजन, मग ५५० °से.ला ४ तास, पुन्हा वजन. चिकणमातीच्या स्फटिकात अडकलेलं पाणीही या तापमानाला जातं, त्यामुळे सेंद्रिय अंश जास्त दिसतो. आकडा थरांच्या तुलनेपुरता वापरावा.

फोरामिनिफेराचे तुकडे आजच धुवायला घेतले. कांदळवनाच्या चिखलात पायराइट असतं. ते हवेत ऑक्सिडाइझ होऊन सल्फ्युरिक आम्ल तयार होतं, आणि फ्रिजमध्ये महिनाभर सैल झाकलेल्या डबीतही चुनखडी कवचं विरघळून जिप्समच्या सुया उगवतात. उरलेला कोअर हवाबंद पिशवीत, ४ °से.वर.

४ मार्च – परागांची रासायनिक सफाई, पहिली तुकडी

एका वेळी आठ नळ्या : सात नमुने आणि एक कोरी. कोऱ्या नळीत चिखल नाही, फक्त खुणेची गोळी. बाकी सगळी रसायनं तीच. शेवटी तिच्यात गाजर गवताचे काटेरी कण किंवा गवताचे कण दिसले, तर ते प्रयोगशाळेच्या हवेतून किंवा पाण्यातून आलेत.

१ सीसी चिखल टोक कापलेल्या सिरिंजने घ्यायचा. त्यात लायकोपोडियम या नेच्यांसारख्या बिनफुलाच्या वनस्पतीच्या बीजाणूंची एक गोळी. हीच खुणेची गोळी : टाकलेले बीजाणू किती ते माहीत असतं, म्हणून त्यांच्या प्रमाणावरून परागांची घनता काढता येते. बाटलीवर प्रत्येक गोळीतल्या बीजाणूंची सरासरी आणि तिची त्रुटी छापलेली असते. दोन्ही वहीत उतरवायच्या, कारण दर तुकडीला आकडा बदलतो. ही पद्धत स्टॉकमार यांनी १९७१ मध्ये मांडली. गोळी अगदी सुरुवातीला टाकायची. पुढे धुताना जे सांडेल, ते पराग आणि बीजाणू दोन्हींतून सारखंच सांडेल असं गृहीतक आहे. ते गृहीतक कुठे मोडतं हे खाली येईलच.

१० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने, फेस थांबेपर्यंत. गोळी आणि शंखांचा चुना विरघळतो. ३००० फेऱ्यांवर ५ मिनिटं सेंट्रिफ्यूज, तीनदा डिस्टिल्ड पाण्याने धुणं. पाणी ओतण्याआधी वर अल्कोहोलचे दोन थेंब, म्हणजे पृष्ठभागाच्या पापुद्र्याला चिकटलेले कण खाली बसतात.

१० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड, ९०–९५ °से.च्या वॉटर बाथमध्ये १० मिनिटं, काचेच्या काडीने ढवळत. ह्यूमिक द्रव्यं तपकिरी होऊन बाहेर पडतात. वेळ वाढवू नये, पातळ भिंतीचे कण फुगतात. मग १५० मायक्रॉनची चाळणी आणि पाणी नितळ येईपर्यंत धुणं. चाळणीवर राहिलेली पानं आणि बिया टाकायच्या नाहीत; वय काढण्याच्या कार्बन-१४ चाचणीसाठी त्याच हव्यात.

मातीचे कण सुटे करायला सोडियम पायरोफॉस्फेट, गरम, २० मिनिटं, आणि मग बारीक नायलॉन जाळी. नेहमीच्या कृतीत १० मायक्रॉनची जाळी सांगितलेली असते. इथे ती चालत नाही. कांदळाचे कण लांबीला १५ ते २० मायक्रॉन, पण रुंदीला त्याहून अरुंद. उभे झाले की जाळीतून निसटू शकतात. लायकोपोडियमचा बीजाणू साधारण ३० मायक्रॉनचा, तो कधीच निसटत नाही. म्हणजे कांदळ कमी झाला तरी खुणेच्या बीजाणूंना त्याचा पत्ता लागणार नाही. ६ मायक्रॉनची जाळी वापरली. वेळ चौपट लागतो, लागू दे.

१२ मार्च – पायराइट

पहिल्या तुकडीच्या कच्च्या स्लाइडवर गडद थराच्या नमुन्यांत काळे, गोल, दाणेदार गोळे, काही कणांच्या पोटातही. ही पायराइटची फ्रॅम्बॉइड. खाऱ्या पाण्यातलं सल्फेट, चिखलातलं लोह आणि ऑक्सिजनविना जगणारे जीवाणू एकत्र आले की ही होतात.

अडचण दिसण्यापुरती नाही. पुढची पायरी जड द्रवाची आहे. द्रवाची घनता २.०, पराग त्याहून हलके म्हणून तरंगतात. पायराइटची घनता ५ च्या आसपास. ज्या कणाच्या पोटात पायराइट आहे तो कण मातीबरोबर बुडतो. आणि पायराइट नेमकं कांदळवनाच्या थरातच जास्त, त्यामुळे तोटाही कांदळवनाच्याच वाट्याला. खुणेचे बीजाणू आजच्या बाटलीतले, त्यांच्या पोटात काहीच नाही. ते सगळे वर येतात.

उपाय : जड द्रवाच्या आधी १० टक्के नायट्रिक आम्ल, थंड, ५ मिनिटं, लगेच भरपूर पाणी. तीव्र किंवा गरम नायट्रिक वापरलं तर पराग स्वतःच ऑक्सिडाइझ होऊन फिके आणि पातळ होतात. तीन नमुने नायट्रिकसह आणि नायट्रिकविना समांतर नेले, आणि दोन्हींचा बुडलेला गाळही पाहिला. गाळ पाहणं हा आता कायमचा नियम.

१५ मार्च – जड द्रव आणि अॅसिटोलिसिस

हायड्रोफ्लोरिक आम्ल या प्रकल्पात वापरलेलं नाही. ते सिलिका विरघळवतं आणि कृती झटपट होते, पण त्याच्यासाठी वेगळा फ्यूम हूड, प्लास्टिकची भांडी, जाड हातमोजे, हाताशी कॅल्शियम ग्लुकोनेट जेल आणि प्रशिक्षित माणूस लागतो. थोडं सांडलं तरी वेदना उशिरा जाणवतात आणि तोवर फ्लोराइड ऊतींत शिरलेलं असतं. ही सोय नसलेल्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेने त्याच्या वाटेला जाऊच नये.

त्याऐवजी सोडियम पॉलिटंगस्टेट, घनता २.०. तपासणी सोपी : पिपेटने घेतलेल्या १० मिलीचं वजन २० ग्रॅम भरलं पाहिजे. नमुन्यात आधीचं पाणी शिल्लक असतं, ते घनता खाली आणतं, म्हणून नळी नीट निथळून मगच द्रव घालायचा. २००० फेऱ्यांवर २० मिनिटं, ब्रेक न लावता थांबू द्यायचं. वरची कडी पिपेटने घेऊन पाच-सहा पट पाण्यात मिसळली की कण खाली बसतात. द्रवात कॅल्शियम गेलं तर न विरघळणारा पांढरा साका होतो. म्हणून आधीचं हायड्रोक्लोरिक अर्धवट सोडायचं नाही आणि नळाचं पाणी वापरायचं नाही. द्रव महाग आहे. धुण्याचं पाणी गाळून, मंद आचेवर आटवून परत घ्यावं.

अॅसिटोलिसिस ही एर्टमान यांची पद्धत : ९ भाग अॅसेटिक अॅनहायड्राइड, १ भाग तीव्र सल्फ्युरिक आम्ल. आम्ल अॅनहायड्राइडमध्ये थेंबाथेंबाने, उलट कधीच नाही. मिश्रण पाण्याच्या थेंबाशीही जोरात उसळतं, म्हणून आधी ग्लेशियल अॅसेटिक आम्लाने दोनदा धुऊन पाणी काढायचं. ९५ °से.ला ३ मिनिटं, मग ग्लेशियल अॅसेटिक घालून क्रिया थांबवायची. सेल्युलोज जातं, कणाची नक्षी मोकळी दिसते.

इथेही काहीतरी कायमचं गळतं. दालचिनी आणि तिच्या कुळातल्या झाडांच्या परागांची बाहेरची भिंत फार पातळ असते. चिखलात ती टिकत नाही, आणि टिकलीच तर अॅसिटोलिसिसमध्ये जाते. सह्याद्रीच्या सदाहरित जंगलात या कुळाची झाडं भरपूर असताना कोअरमध्ये त्यांचा आकडा शून्य येतो. त्या शून्याचा अर्थ ‘झाडं नव्हती’ असा होत नाही.

शेवटी सॅफ्रानिनचा फिका रंग, अल्कोहोल, टर्शरी ब्युटेनॉल आणि सिलिकॉन तेल. ग्लिसरीन जेलीत कण काही महिन्यांत फुगतात आणि मोजमापं बदलतात. तेलात कण कव्हरस्लिपखाली हलक्या दाबाने फिरवताही येतो. ओळख पटवताना याचा फार उपयोग होतो.

२० एप्रिल – तुलनेसाठी फुलं

परिसरातली फुलं गोळा करून त्यांच्या स्लाइड केल्या. प्रत्येक स्लाइडला हर्बेरियमचा दाखला, म्हणजे त्याच झाडाची वाळवून जपलेली फांदी, जोडला. दाखल्याविना तुलनेची स्लाइड निरुपयोगी. उमललेल्या फुलापेक्षा उमलण्याच्या बेतातली कळी घ्यावी, म्हणजे मधमाशीने आणलेले परके पराग येत नाहीत. अंजन झालं, ऐन आणि किंजळीसाठी पुन्हा जावं लागेल.

ओळखीच्या मर्यादा आताच ठरवून ठेवल्या, मोजताना हात सैल पडू नये म्हणून :

ऐन, किंजळ, हिरडा एका कुळातले आणि अंजन दुसऱ्या, पण दोन्ही कुळांचे कण लहान, तीन खऱ्या आणि तीन खोट्या खाचांचे, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे काढता येत नाहीत. एकच गट. सदाहरित आणि पानझडी झाडं त्यात मिसळतात हे चित्राखाली लिहायचं.

गवताचे कण सगळे गोल, एका छिद्राचे. युरोपात ४० मायक्रॉनहून मोठा आणि छिद्राभोवती जाड कडा असलेला कण धान्याचा मानतात. आपल्याकडे अनेक रानगवतांचे कण तेवढे मोठे असतात आणि भाताचा कण त्याच टप्प्यात येतो. परागावरून ‘भात’ लिहायचं नाही. अपवाद मका : ८० मायक्रॉनच्या वरचा कण, आणि पीक १६व्या शतकानंतरचं. तो जड असल्याने शेतापासून फार दूर जात नाही. सापडला तर मोलाचा, न सापडला तर काहीच सिद्ध होत नाही.

चाकवत-माठ गटाचे कण अनेक छिद्रांचे, गोल, ओळखायला सोपे. गुरदीप सिंग यांनी १९७०च्या दशकात सांभर, डीडवाना, लूणकरणसर या राजस्थानातल्या सरोवरांवर काम केलं. तशा कोरड्या मुलखात हा गट वाढला की कोरडेपणा वाचतात. इथे तसं वाचणं घातक. याच गटातल्या खारवट वनस्पती खाजणात वाढतात, म्हणून वाढ म्हणजे मीठ. पावसाचा त्याच्याशी संबंध असेलच असं नाही.

सुरू हे झाड किनाऱ्यावर १९व्या शतकात लागवडीने वाढलं. त्याचे तीन छिद्रांचे कण वाऱ्याने लांब जातात. ज्या खोलीपासून ते सलग दिसू लागतात, तिथून वरचा चिखल अलीकडचा.

लायकोपोडियमच्या गोळीबद्दल एक सावधगिरी. त्याचा जवळचा नातलग सह्याद्रीत जंगली वाढतो. त्याच्या बीजाणूची नक्षी जाळीदार नसून सुरकुत्यांची असते. फरक न पाहता मोजलं तर खुणेचा आकडा फुगतो आणि घनता खोटी कमी येते.

१० जून – मोजणी

४०० पट मोठं करून स्लाइडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत समांतर पट्ट्यांत मोजायचं. फक्त मधला भाग मोजू नये. लहान कण कव्हरस्लिपच्या कडेकडे सरकतात. शंका आली की तेल घालून १००० पट.

दर नमुन्यात कांदळवनातली झाडं सोडून ३०० पराग होईपर्यंत मोजणी. कांदळवनाचे कण त्याबरोबरच मोजायचे, पण त्यांची बेरीज वेगळी. कारण सरळ आहे : एका थरात कांदळाचे कण भरमसाट असले तर बाकी सगळ्यांची टक्केवारी आपोआप खाली जाते, मागच्या टेकडीवर एक झाडही कमी झालेलं नसताना. फॉन पोस्ट यांनी १९१६ मध्ये टक्केवारीची पहिली आधुनिक परागचित्रं मांडली तेव्हापासून ही अडचण सोबत आहे.

३०० मध्ये १० टक्के म्हणजे ३० कण. याची ९५ टक्के खात्रीची व्याप्ती साधारण ७ ते १४. दोन शेजारच्या थरांत ९ आणि १२ आले म्हणून ‘वाढ’ लिहायची नाही.

घनतेचा हिशेब, उदाहरणादाखल : गोळीत १८,५०० बीजाणू, मोजलेले पराग ३२०, मोजलेले खुणेचे बीजाणू १४८, चिखल १ सीसी. ३२० ÷ १४८ × १८,५०० = ४०,००० कण प्रति सीसी. नुसत्या मोजणीची त्रुटीच सुमारे १० टक्के. गोळीची त्रुटी त्यावर. खुणेचे बीजाणू वीस-पंचवीसच सापडले तर हा आकडा छापण्याच्या लायकीचा नसतो, गोळ्या वाढवाव्यात.

तुटलेले, गंजलेले, दुमडलेले कण वेगळ्या रकान्यात. ओळखू न येणारे कण वाढले की चिखल वाळून ऑक्सिजन आत गेला होता असा संशय घ्यावा. नांगरलेल्या थरात तसंच दिसतं.

आजच्या चिखलाची मोजणी आधी पूर्ण केली आणि ती पाहून कोअरकडे वळलो. तिवरांच्या दाट राईत घेतलेल्या नमुन्यातही कांदळाचेच कण पुढे आहेत. कांदळ वाऱ्यावर विसंबतो आणि अमाप पराग सोडतो. तिवराचं काम मधमाश्या करतात, तो मोजकेच बनवतो. तेव्हा कोअरमध्ये तिवराचे थोडे कण सलग दिसले तरी तिवर जागेवर उभा होता असं म्हणता येतं. कांदळाचे थोडे कण मात्र भरतीबरोबर कुठूनही येतात.

सड्यामागच्या जंगलाचंही तेच. जांभूळ, आंबा आणि बहुतेक मोठी झाडं कीटकांवर चालतात. जंगल दिसायला घनदाट, चिखलात मात्र चांदवड आणि शेंदरीसारखी मोकळ्या जागेतली झाडं आणि गवतच ठळक.

१८ जुलै – डायटम

वेगळा तुकडा, ०.५ ग्रॅम. १० टक्के हायड्रोक्लोरिक, मग ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. पायराइट असलेल्या चिखलावर पेरॉक्साइड एकदम ओतलं तर बीकर उकळून बाहेर येतं. थंड पाण्याच्या परातीत ठेवून ५ मिलीच्या हप्त्यांनी घालायचं. धुताना सेंट्रिफ्यूज नको, लांबट कवचं मोडतात. रात्रभर बसू द्यावं. स्लाइड नॅफ्रॅक्स या जास्त अपवर्तनांकाच्या राळेत. सिलिका आणि साध्या माध्यमांचा अपवर्तनांक जवळजवळ सारखा असल्याने त्यांत कवचं दिसतच नाहीत.

३०० कवचार्ध मोजायचे; एका डायटमचे दोन अर्ध असतात. गडद थरात पॅरालिया सल्काटा ठळक. जाड कवचाची ही किनारी जात भरतीच्या पाण्याने आत येते आणि पातळ कवचं विरघळल्यावरही उरते. तिच्या एकटीच्या जोरावर ‘समुद्र इथे होता’ म्हणू नये. चिखलावरच जगणाऱ्या जाती सोबत पाहाव्यात. वरच्या करड्या थरात पिन्युलारिया आणि युनोशिया दिसतात. ही गोड्या पाण्याची मंडळी, आणि ती रंगबदलाच्या अगदी थोड्या सेंमी वर सुरू होतात.

५ ऑगस्ट – फोरामिनिफेरा आणि फायटोलिथ

फोरामिनिफेरा ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर, ओल्या अवस्थेतच मोजले. मातीचे कण चिकटवून घर बांधणाऱ्या जाती वाळल्या की चेपतात. गडद थरात मिलियामिना आणि ट्रोकामिना, म्हणजे भरतीच्या वरच्या टप्प्यातल्या जाती. चुनखडी कवचं जवळजवळ नाहीत. यावरून खारं पाणी कमी होतं असं ठरत नाही. कांदळवनाच्या आम्लधर्मी चिखलात ती कवचं जागेवरच विरघळतात. पडताळा परागांच्या स्लाइडमध्ये मिळाला : कवच गेलं तरी आतलं सेंद्रिय अस्तर आम्लांत टिकतं, आणि ती गुंडाळीदार अस्तरं गडद थरात भरपूर आहेत. म्हणून परागांच्या तक्त्यात त्यांचा रकाना असायलाच हवा.

फायटोलिथसाठी पॉलिटंगस्टेटची घनता २.३. भाताच्या दोन खुणा शोधायच्या : पानातली पंख्याच्या आकाराची, कडेला खवले असलेली पेशी, आणि तुसातली दोन टोकांची पेशी. करड्या थरात दोन्ही आहेत. तरी दोन शंका नोंदवल्या. देवभात हे रानभात ओलसर जागी आपसूक उगवतं आणि त्याचे आकार याच्याशी मिळतेजुळते. शिवाय बांध घालताना चिखलात पेंढा मिसळतात. तो दुसऱ्या शेतातून आलेला असू शकतो. तुसाच्या पेशी पेंढ्यात कमी असतात, म्हणून पान आणि तूस यांचं प्रमाण दर थरात वेगळं मोजायचं.

१३ सप्टेंबर – वय ठरवण्यासाठी काय पाठवायचं

सबंध चिखल पाठवायचा नाही. त्यात डोंगरातून वाहून आलेला जुना कार्बन आणि वरून घुसलेली नवी मुळं, दोन्ही असतात. मुळांचे तंतू वगळायचे. कांदळवनाची मुळं वरून खोल शिरतात आणि वय कमी दाखवतात. हवेत पडलेली वस्तू हवी : पानाचा तुकडा, फुलाची दांडी, बी. सूक्ष्मदर्शकाखाली वेचून, डिस्टिल्ड पाण्यात धुऊन, वाळवून, काचेच्या कुपीत. शंख पाठवले तर समुद्राच्या पाण्यातल्या जुन्या कार्बनची स्थानिक दुरुस्ती लागते आणि खाडीत गोडं पाणी मिसळल्याने तिचा भरवसा राहत नाही.

बांध गेल्या तीनशे-साडेतीनशे वर्षांतला असेल तर कार्बन-१४ एकट्याने पुरणार नाही. मोजमापाचं वर्षांत रूपांतर करणारा वक्र १६५० नंतर सपाट आणि खालीवर हेलकावणारा आहे. एकाच मोजमापाला दोन-तीन वेगळे कालखंड बसतात. वरच्या ६० सेंमीसाठी शिसे-२१० लावायचं. त्याचं अर्धआयुष्य सुमारे २२ वर्षं, म्हणून शंभर-सव्वाशे वर्षांपर्यंतच उपयोग, आणि नांगरलेल्या थरात तेही ढवळलेलं असणार. त्याला सुरूच्या परागांची खूण जोडीला. रंगबदलाच्या लगेच खाली आणि लगेच वर अशी दोन-दोन पानं वेचली. चारही एका मॉडेलमध्ये, थरांचा क्रम बंधन म्हणून घालून बसवायची.

२२ नोव्हेंबर – चित्र आणि वाचन

परागचित्र आर या संगणकीय भाषेतल्या रिओजा पॅकेजने काढलं, थरांचे गट कोनिस या गट पाडण्याच्या पद्धतीने पाडले. कोनिस फक्त शेजारचे थर जोडतं, त्यामुळे क्रम मोडत नाही. पण ते गट पाडतंच, खरे असोत वा नसोत. किती गट खरे मानायचे ते ब्रोकन स्टिक कसोटीने, म्हणजे नुसत्या योगायोगाने पडणाऱ्या गटांशी तुलना करून ठरवलं.

गडद थर : तिवर सलग, कांदळ भरपूर, फोरामिनिफेराची अस्तरं, खाऱ्या पाण्याचे डायटम. आजच्या नमुन्यांत याच्या सर्वांत जवळ बांधाबाहेरची मिश्र राई. म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर : कांदळवन जागेवर होतं.

दुसरा प्रश्न नाजूक आहे. डायटम आणि अस्तरं दोन नमुन्यांच्या आत बदलतात, कांदळाचे पराग मात्र वर बराच वेळ रेंगाळतात. झाडं हळूहळू गेली असा अर्थ लावायचा मोह होतो. पण बांधाबाहेरची राई तशीच होती आणि वारा कांदळाचे पराग बांधावरून आत टाकतच होता. आजच्या नमुन्यांत बांधाच्या आतही ते सापडतात. तिवराचा आलेख डायटमबरोबरच खाली येतो, आणि वर सांगितल्याप्रमाणे भरवसा त्याच्यावर ठेवायचा. मारांडी आणि खाजणातलं मोठं नेचं त्याच पट्ट्यात थोडा वेळ वर जातं. राई मोकळी झाल्याची ती खूण.

कारवारच्या समुद्रातल्या कोअरमधून कॅराटिनी आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये सुमारे ३५०० वर्षांपूर्वीपासून पश्चिम किनाऱ्यावर ओलावा कमी झाल्याचं मांडलं आहे. तो कोअर घाटातल्या मोठ्या प्रदेशाचे पराग गोळा करतो, आमचा काही शे मीटरचा परिसर. दोन्ही आलेख एकाखाली एक छापायचे नाहीत.

राहिलेलं काम : ९८ ते १२० सेंमीमध्ये दर १ सेंमीवर डायटम आणि तिवर पुन्हा मोजणं, तिवरासाठी बेरीज ३०० ऐवजी १००० पर्यंत नेऊन. हा नमुना अ भोकाच्या ८०–१३० सेंमीच्या तुकड्यातून घ्यायचा, कारण ब च्या तुकड्यांत हा पट्टा येत नाही. अ मधल्या त्याच पट्ट्यात खेकड्याचं बीळ आहे, ते टाळायचं.